परदेशी पाहुणी रात्री उशिरा गोव्यात उतरतेय, विमानतळावरून ‘सिटी सेंटर’ला कशी जाईल?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमच्या पुण्याच्या ऑफिसातली जर्मन सहकारी नोव्हेंबरात पहिल्यांदाच भारतात येतेय, एकटी आहे, फ्रँकफर्टहून मुंबई आणि मुंबईहून गोवा असं तिकीट आहे, गोव्यात उतरायची वेळ रात्री पावणेबारा, आणि बुकिंग साइटवर ‘सिटी सेंटरपासून ४०० मीटर’ असं बघून तिने पणजीत मळा नावाच्या भागात एक गेस्टहाऊस घेतलंय. तुम्हाला कोणी सांगितलं ओला-उबर नाही, कोणी सांगितलं टॅक्सीवाले लुटतात, कोणी सांगितलं बस आहे पण रात्री मिळत नाही, आणि आता तुमचीच झोप उडालीय.

मी मळ्यातच राहतो. आधी जवळजवळ नऊ वर्षं दाबोळीला चार्टर विमानांच्या पाहुण्यांना उतरवून घ्यायचं काम केलं, म्हणजे हातात नावाची पाटी धरून उभं राहायचं, माणसं मोजायची, बसमध्ये बसवायची, हॉटेलात पोचवायची. आता घरातल्याच तीन खोल्या पाहुण्यांना देतो. त्यामुळे विमानातून उतरलेला माणूस पहिल्या तासात कुठे गडबडतो ते मी बरंच जवळून बघितलंय. आणि माझं सरळ मत असं आहे की गोव्यात रस्ता हा प्रश्नच नाही, रस्ता तासाभराचाय, गाडीही मिळते. अडतं ते टर्मिनलच्या काचेच्या दाराच्या आत जे व्हायला पाहिजे ते न झाल्यामुळे. ते झालेलं असेल तर रात्रीचा दीड वाजला तरी काही बिघडत नाही.

सगळ्यात आधी तुम्हीच एक गोष्ट बघा. तुम्ही लिहिलंय ‘गोवा विमानतळ’. कुठला? गोव्यात दोन आहेत. दाबोळीचा जुना, वास्कोजवळ, नौदलाच्या तळावरचा, आणि मोपाचा नवा, पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून, ज्याला मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ म्हणतात. मोपाचं उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमानं सुरू झाली. तिकिटावर दोन्हींना ‘गोवा’च म्हणतात, फरक फक्त तीन अक्षरी कोडमध्ये असतो, दाबोळी म्हणजे जीओआय आणि मोपा म्हणजे जीओएक्स. एक पणजीच्या दक्षिणेला, एक उत्तरेला, आणि दोघांच्या मध्ये ६० किलोमीटरहून जास्त रस्ता.

हे मी इतकं जोर देऊन सांगतोय त्याला कारण आहे. मोपा सुरू झालं त्याच महिन्यात माझ्याकडे बेल्जियमचं एक वयस्कर जोडपं येणार होतं, दोघं सत्तरीच्या पुढची, त्यांनी मला एवढंच कळवलेलं की गोव्यात दुपारी ३.२० ला उतरतोय. मी नेहमीच्या सवयीने दाबोळीला जाऊन पाटी धरून उभा राहिलो. साडेतीन झाले, चार झाले, बोर्डावर त्यांचं विमानच दिसेना, त्यांचा फोन बंद. सव्वाचारच्या सुमारास एका अनोळखी नंबरवरून फोन आला, पलीकडे एक बाई, मोपाला साफसफाईचं काम करणारी, म्हणाली, “बाबा, तुमचे पावणे हांगा बसल्यात, म्हातारी रडपाक लागल्या.” त्यांनी माझा नंबर लिहिलेला कागद तिला दाखवला होता आणि तिने स्वतःच्या फोनवरून मला लावला. मी तिथून निघून मोपाला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. आजी सुटकेसवर बसल्या होत्या आणि हातात त्या बाईने दिलेली पाण्याची बाटली होती. त्या दिवसापासून मी कोणाचंही बुकिंग आलं की पहिला प्रश्न हाच विचारतो की तिकिटाचा फोटो पाठवा, बाकी सगळं नंतर.

तुम्हीही तेच करा, तिच्याकडून तिकिटाचा फोटो मागवा आणि ती तीन अक्षरं बघा. आणि तिच्या गेस्टहाऊसलाही तीच अक्षरं कळवा, कारण त्यांनाही ‘गोवा’ म्हटलं की कुठे गाडी पाठवायची ते कळत नाही.

आता ‘सिटी सेंटर’ या शब्दाबद्दल. युरोपातला माणूस कुठल्याही गावी उतरला की मनात एक चित्र घेऊन उतरतो, विमानतळावरून गाडी सेंटरला जाणार, तिथे मोठं स्टेशन असणार, तिथून सगळं चालत. गोव्यात तसं एक सेंटर नाही. पणजी राजधानी आहे, पण पणजीला रेल्वे स्टेशन नाही, सगळ्यात जवळचं करमळीचं, ते जुन्या गोव्याकडे. मडगावची बाजारपेठ वेगळी, म्हापशाची वेगळी, वास्को वेगळं, आणि बहुतेक परदेशी लोक तर यातल्या कुठल्याच शहरात राहत नाहीत, ते हरमल, मांद्रे, मोरजी, हणजुणे, कळंगुट नाहीतर खाली पाळोळेला जातात. म्हणून कोणी मला ‘सेंटरला कसं जायचं’ विचारलं की मी उलट विचारतो, झोपणार कुठे? तुमच्या मैत्रिणीचं त्या बाबतीत बरंय, ती खरोखरच पणजीत राहतेय आणि मळा-फोंतेन्यास म्हणजे पणजीचा जुना भाग, चर्च स्क्वेअर तिथून चालत दहा मिनिटांवर.

नावांचा घोळ मात्र तिला आधीच सांगून ठेवा. पणजी आणि पणजिम एकच. पण ‘ओल्ड गोवा’ आणि ‘गोवा वेल्हा’ या दोन वेगळ्या जागा आहेत आणि इथे भलेभले फसतात, कारण पोर्तुगीज भाषा येणारा माणूस वेल्हा म्हणजे जुना असा अर्थ लावतो. ओल्ड गोवा म्हणजे जुने गोवे, बॉम जेझुसची बासिलिका जिथे आहे ते, पणजीच्या पूर्वेला. गोवा वेल्हा म्हणजे आगशीच्या अलीकडचं गाव, दाबोळीहून पणजीला येताना वाटेत लागतं. चार्टरच्या दिवसांत एक पोर्तुगीज गृहस्थ बासिलिका बघायला म्हणून गोवा वेल्ह्याला उतरून राहिले होते आणि रस्त्यावर उभे राहून दोन तास चर्च शोधत होते. तेव्हा तिने ड्रायव्हरला फक्त ‘ओल्ड पार्ट ऑफ गोवा’ असं काही सांगू नये, ‘पणजी, मळा’ एवढंच म्हणावं, हे दोन शब्द गोव्यातल्या कुठल्याही ड्रायव्हरला कळतात.

मुंबईचा टप्पा पण समजून घ्या. ती परदेशातून पहिल्यांदा मुंबईत उतरणार म्हणजे इमिग्रेशन मुंबईलाच होणार, आणि सामानाला गोव्यापर्यंतचा टॅग लावलेला असला तरी साधारणपणे मुंबईत पट्ट्यावरून बॅग घेऊन कस्टममधून बाहेर काढून पुन्हा पुढच्या विमानाला द्यावी लागते. जर्मन लोकांना हे माहीत नसतं, त्यांना वाटतं बॅग आपोआप येईल, मग गोव्यात पट्ट्यासमोर उभे राहतात आणि बॅग मुंबईत. दोन विमानांमध्ये तीन तासांपेक्षा कमी वेळ असेल तर मला काळजी वाटते, विशेषतः तिकिटं वेगवेगळी काढलेली असतील तर. एकाच तिकिटावर असेल तर पहिलं विमान उशिरा आलं तरी पुढची सोय कंपनीने करायची असते. याचा फायदा असा की गोव्यात ती देशांतर्गत प्रवाशांसारखी बाहेर येईल, रांग नाही काही नाही, बॅग घेतली की वीस-पंचवीस मिनिटांत दाराशी.

आणि इथेच ते काचेचं दार. भारतात विमानतळाबाहेर एकदा पाऊल टाकलं की तिकीट दाखवल्याशिवाय परत आत सोडत नाहीत, हे परदेशी माणसाला माहीतच नसतं. त्यांच्याकडे कोणीही टर्मिनलमध्ये आत-बाहेर फिरतो. मग होतं काय, तो मोकळ्या हवेत बाहेर येतो, आणि मग लक्षात येतं की पैसे काढायचे राहिले, वायफाय आत राहिलं, पत्ता फोनमध्ये ईमेलात आहे आणि ईमेल उघडत नाही, आणि त्याच क्षणी चार जण “टॅक्सी मॅडम? कळंगुट? बागा?” करत जवळ येतात. ते लोक वाईट असतात असं नाही, पण त्या क्षणी तुमचा पाहुणा कमजोर असतो आणि समोरच्याला ते दिसतं. भाव तिथे ठरतो.

म्हणून दाराच्या आत तीन कामं संपली पाहिजेत. पहिलं पैसे. बाहेरून येणारा परदेशी माणूस रुपये घेऊन येत नाही, तशी त्याला परवानगीही नसते, आणि आपलं यूपीआय त्याच्याकडे नसतं, तेव्हा पहिल्या रात्री नोटाच लागतात. मुंबईतच एटीएममधून काढायला सांगा, तिथे वेळ असतो, पाच-सहा हजार पुरेत, आणि त्यातल्या काही शंभराच्या-दोनशेच्या असाव्यात कारण रात्री बारा वाजता पाचशेचे सुटे कोणाकडे नसतात. दुसरं फोन. विमानतळावरचं वायफाय ओटीपी मागतं आणि परदेशी नंबरवर तो ओटीपी कधी येतो कधी येत नाही. परदेशी माणसाला इथलं सिम मिळतं, पासपोर्ट, व्हिसा, फोटो देऊन, पण ते चालू व्हायला वेळ लागतो, कधीकधी दुसऱ्या दिवसापर्यंत. म्हणून निघण्याआधी जर्मनीतूनच भारताचा डेटा असलेलं ई-सिम घेऊन यावं, हल्ली माझे निम्मे पाहुणे तसंच करतात आणि त्यांचा पहिला तास फार सोपा जातो. तिसरं पत्ता. गेस्टहाऊसचं नाव, जवळची खूण, मालकाचा नंबर, हे सगळं एका स्क्रीनशॉटमध्ये, आणि खरं सांगतो, एका कागदावर मराठीत लिहून पण. ते कसं लिहायचं ते खाली देतो.

आता गाडी. तुमच्या मैत्रिणीसाठी माझा पहिला पर्याय एकच, गेस्टहाऊसवाल्यालाच गाडी पाठवायला सांगणं. एकटी, पहिल्यांदा, मध्यरात्री, यातल्या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की मी इतर काही सुचवत नाही. विमानतळावरच्या टॅक्सी काउंटरपेक्षा दोन-चारशे जास्त पडतील कदाचित, पण ड्रायव्हर मालकाच्या ओळखीतला असतो, विमान उशिरा झालं तर मालक त्याला सांगतो, आणि मुख्य म्हणजे घराचं दार उघडं असतं. हा दाराचा मुद्दा लोक विसरतात. मळ्यातली बरीचशी गेस्टहाऊसं म्हणजे राहती घरं आहेत, चोवीस तास रिसेप्शन नसतं, रात्री अकराला मालक झोपतो. पावणेबाराचं विमान म्हणजे घरी पोचेपर्यंत एक. त्याला आधी कळवलं नसेल तर तुमची पाहुणी सुखरूप येऊन गल्लीत उभी राहील आणि बेल वाजवत बसेल. कळवताना गाडीचं भाडं किती, ते रोख की खोलीच्या बिलात, विमानतळाचं पार्किंग कोण भरणार, विमान उशिरा झालं तर थांबायचे वेगळे पैसे का, हे चारही लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल. भांडणं नेहमी या चारातल्याच कशावरून तरी होतात. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानाचे फोटोही त्यांना आधी पाठवून ठेवायला सांगा, परदेशी पाहुण्याची नोंद, आम्ही ज्याला सी फॉर्म म्हणतो, ती आम्हाला २४ तासांच्या आत करावीच लागते, आणि रात्री एक वाजता दमलेल्या माणसाकडून ती माहिती घेणं दोघांनाही नको होतं.

ते जमलं नाही तर काउंटरची टॅक्सी. ओला-उबर गोव्यात चालत नाहीत हे तुम्ही ऐकलं ते बरोबर आहे, इथे गोवामाइल्स हे टॅक्सीचं अ‍ॅप आहे, २०१८ पासून, आणि सरकारचं गोवा टॅक्सी अ‍ॅप आहे. अ‍ॅपवर रजिस्टर करायला परदेशी नंबरची अडचण येऊ शकते म्हणून मी अ‍ॅपच्या भरवशावर कोणाला सोडत नाही, काउंटरवर जाऊन घ्यायला सांगतो. मोपाला बाहेर पडायच्या वाटेवर टॅक्सीचं काउंटर लागतं, दाबोळीला प्रीपेड टॅक्सीचं. तिथे ठिकाण सांगायचं, पणजी मळा, ते रक्कम सांगतात, पावती देतात, पावतीवर गाडीचा नंबर असतो. ती पावती हातात आल्याशिवाय सामान कोणाच्याही हातात द्यायचं नाही. भाडं चार आकडीच असतं, रात्रीचा जादा आकार लागतो, तेव्हा तुमच्या मैत्रिणीने रक्कम ऐकून दचकू नये. पावती मिळाली की नंतर ड्रायव्हरने वाटेत आणखी मागितलं तर द्यायचं नाही, फक्त पावती दाखवायची.

लुटतात का, याबद्दल मला जे वाटतं ते सांगतो. मी टॅक्सीवाल्यांच्या बाजूचाही आहे आणि पाहुण्यांच्या बाजूचाही. मोपाचं पठार म्हणजे कोणाची तरी काजूची बाग होती, गुरं चरायची जागा होती, पेडण्यातल्या गावांच्या जमिनी त्यात गेल्या, आणि तिथली मुलं आज टॅक्सी चालवतात. रात्रभर एका भाड्यासाठी रांगेत बसणारा माणूस मी बघितलाय, परतीला त्याला रिकामं यावं लागतं, ते पेट्रोलही त्याच भाड्यातून निघतं. हे पाहुण्याला समजावलं तर त्याला ती रक्कम अन्यायाची वाटत नाही. पण त्याच वेळी काउंटर टाळून पार्किंगमध्ये भाव करणारे, पावती न देणारे, ‘तुमचं हॉटेल बंद झालंय मी दुसरं दाखवतो’ म्हणणारे पण भेटतात, आणि माझ्या एका पाहुणीला एकाने खरोखरच पर्वरीला भलत्याच लॉजवर नेऊन उभं केलं होतं. ती हुशार, गाडीतून उतरलीच नाही, मला फोन लावला आणि फोन ड्रायव्हरच्या हातात दिला. मी कोकणीत दोनच वाक्यं बोललो, तो मुकाट्याने मळ्यात घेऊन आला. म्हणून मालकाचा नंबर वरच्या स्क्रीनशॉटमध्ये पाहिजे.

बसचं म्हणाल तर मला स्वतःला बस फार आवडते आणि दिवसा कोणी उतरत असेल तर मी तीच सुचवतो. कदंबाच्या, म्हणजे गोवा सरकारच्या महामंडळाच्या, बसेस विमानतळावरून सुटतात, मोपाहून पणजी, मडगाव, कळंगुटच्या बाजूला, त्यातल्या बऱ्याच इलेक्ट्रिक आहेत, एसी, हिरवी नंबरप्लेट असलेल्या, सामान ठेवायला जागा, तिकीट तीन आकडी, म्हणजे टॅक्सीच्या मानाने काहीच नाही. पणजीला ती पाटोवरच्या कदंब स्टँडला सोडते आणि तिथून पाटोचा पूल ओलांडला की मळा, चाकाची बॅग ओढत पंधरा मिनिटं. आमच्याकडे एकटी येणारी कितीतरी मुलं-मुली तशीच येतात, कंडक्टर मदत करतो. पण वेळा विमानांप्रमाणे आणि सीझनप्रमाणे बदलत असतात, तेव्हा आदल्या दिवशी कदंबाच्या वेबसाइटवर बघायचं. पावणेबाराला उतरून बॅग घेऊन बस मिळालीच तरी एक वाजता पाटोला उतरून खाडीकाठच्या रस्त्याने एकटीने चालत यायला मी माझ्या बहिणीला सांगणार नाही, तर तुमच्या मैत्रिणीलाही नाही सांगत. स्टँडवरून पायलट, म्हणजे आमच्याकडची पिवळ्या-काळ्या रंगाची मोटरसायकल टॅक्सी, दिवसा सहज मिळते, तेव्हा मिळत नाही. साध्या खाजगी बसेस तर संध्याकाळी आठ-साडेआठनंतर विरळ होतात, त्यांचा विचारच नको.

भाड्याची गाडी स्वतः चालवत न्यायची कल्पना काही युरोपियन लोकांना सुचते. रात्रीच्या पहिल्या प्रवासाला नको म्हणून सांगा, उजवीकडचं स्टिअरिंग, डावीकडून चालवायचं, रस्त्यात बसलेली गुरं, न रंगवलेले गतिरोधक, आणि नऊ तासांच्या विमानानंतरची झोप. नंतर चार दिवसांनी स्कूटर घ्यायची असेल तर घेऊ दे, पण काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं असलेलीच, पांढऱ्या प्लेटची खाजगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे, आणि तिच्याकडे जर्मन लायसनबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना पाहिजे, नाहीतर पहिल्या नाक्यावर पोलीस थांबवतील.

रस्ता तिला आधी माहीत असला की भीती निम्मी होते म्हणून दोन्हींचा सांगतो. मोपाहून निघाली तर आधी विमानतळाचा मोठा नवा रस्ता धारगळला हायवेला मिळतो, मग कोलवाळचा पूल, म्हापसा, गिरी, पर्वरी, आणि मग मांडवी नदी, डावी-उजवीकडे कॅसिनोच्या बोटींचे दिवे. नदी ओलांडली की पणजी. साधारण ३५ किलोमीटर, रात्री पाऊण तास. दिवसा मात्र पर्वरीत उड्डाणपुलाचं काम निघाल्यापासून याच रस्त्याला दीड तासही लागलेला मी बघितलाय, परतीच्या विमानासाठी निघताना हे लक्षात ठेवा. दाबोळीहून निघाली तर कुठ्ठाळी, मग जुवारी नदीवरचा नवा मोठा केबलचा पूल, आगशी, गोवा वेल्हा, बांबोळी, आणि पणजी, तीसेक किलोमीटर. या पुलाची पहिली बाजू डिसेंबर २०२२ च्या शेवटी उघडली, त्याआधी जुन्या पुलावर ट्रॅफिक अडकून लोकांची विमानं चुकायची, आम्ही चार्टरच्या पाहुण्यांना चार-चार तास आधी काढायचो. आता ते टेन्शन गेलं. दाबोळीला आणखी एक सांगा, तो नौदलाचा तळ आहे, विमानातून किंवा धावपट्टीकडे फोटो काढायचे नाहीत, परदेशी माणसाला त्यावरून नको तेवढे प्रश्न विचारले जातात.

शेवटचे दोनशे मीटर हे सगळ्यात अवघड. फोंतेन्यास-मळ्याच्या गल्ल्या एवढ्या अरुंद आहेत की दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला भिंतीला टेकावं लागतं. नकाशावरची पिन बऱ्याचदा मागच्या गल्लीत पडते, मग ड्रायव्हर म्हणतो गाडी जात नाही, उतरा. मी माझ्या पाहुण्यांना गाडी खाडीच्या काठच्या रस्त्यावर थांबवायला सांगतो आणि स्वतः टॉर्च घेऊन तिथे जातो. तिच्या मालकालाही तेच विचारा, गाडी नक्की कुठे थांबणार आणि तुम्ही तिथे येणार का. ‘हो येतो’ म्हणाला तर तो चांगला मालक, नाही म्हणाला तर तिथली खूण लिहून घ्या.

तिची सोय हॉटेलच्या गाडीने झाली नाही तर एवढं एक पक्कं करा की ती काउंटरवरून पावती घेईल, गाडीत बसण्याआधी नंबरप्लेटचा फोटो तुम्हाला पाठवेल, मागच्या सीटवर बसेल, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन चालू ठेवेल. पुण्यात बसून तुम्हाला तिचा ठिपका मांडवीच्या पुलावर दिसला की झोपायला हरकत नाही. काही विचित्र वाटलं तर ११२, तो नंबर परदेशी फोनवरूनही लागतो, पण मालकाला लावलेला फोन जास्त लवकर कामाला येतो हा माझा अनुभव.

माझं हे सगळं पणजीपुरतं. तिचा बेत बदलून तिने हरमल किंवा मांद्र्याला राहायचं ठरवलं तर दाबोळीचं तिकीट घेऊच नये, मोपाहून अर्ध्या-पाऊण तासात पोचते. पाळोळे-काणकोणला जायचं असेल तर उलट दाबोळीच बरं, मोपाहून अख्खा गोवा उभा ओलांडावा लागतो. आणि तिला विमानाची वेळ बदलता येत असेल, मुंबईत एक रात्र झोपून सकाळी येता येत असेल, तर मी तेच करायला सांगेन, मग बस पण चालते आणि पहिल्यांदा मांडवी दिवसाउजेडी दिसते. पण तिकीट बदलायला पैसे पडणार असतील तर त्यासाठी अडून राहू नका, वरचं सगळं केलं तर रात्रीही ती नीट पोचते, माझ्याकडे आठवड्यातून एकजण तरी तशी येतेच.

कागदाचं म्हणालो ते हे, मोठ्या अक्षरात मराठीत लिहून फोटो तिला पाठवा, प्रिंट काढून पासपोर्टमध्ये ठेवली तर उत्तम:

“दादा, मला पणजीला मळ्यात जायचंय. गेस्टहाऊसचं नाव … . जवळची खूण … . तिथल्या मालकांचा नंबर … , रस्ता कळला नाही तर कृपया त्यांना फोन लावा. भाडं काउंटरवर भरलंय, पावती माझ्याकडे आहे. मला मराठी-कोकणी येत नाही. देव बरें करूं.”

ते शेवटचे तीन शब्द कोकणी आहेत, आमच्याकडे आभार मानायला म्हणतात. परदेशी माणसाच्या कागदावर ते वाचून ड्रायव्हरचा चेहरा बदलतो, मी बघितलंय.

तिकिटावर जीओआय आहे की जीओएक्स ते बघून इथेच सांगा, आणि गेस्टहाऊस कुठल्या गल्लीत आहे तेही. गाडी नक्की कुठे थांबवायची ते मी रस्त्यावर जाऊन बघून सांगतो.